म्हणणे पटवून द्या

उद्या तुम्ही महाविद्यालयात जाल. तेथे नुसते 'मला असे वाटते' लिहून भागत नाही. का वाटते, तेही सांगावे लागते. उर्दूत आपण ज्याला 'दलील' म्हणतो, त्याला मराठीत 'युक्तिवाद' म्हणतात.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. कारणही त्यांनी दिले. सरकारचा बराचसा महसूल शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो. खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो. वरचे लोक शिकले, की विद्या आपोआप खाली झिरपेल, असे सरकारला वाटे. फुल्यांनी विचारले, या शिकलेल्यांनी गोरगरिबांसाठी काय केले?

आता तुम्ही लिहा. जेऊर हे करमाळा तालुक्यातील गाव. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर तेथे स्थानक आहे. समजा, तेथे आणखी एक जलद गाडी थांबावी, असे तुम्हांला वाटते. 'आमचे हाल होतात' एवढ्याने अधिकारी ऐकतील का? किती विद्यार्थी रोज प्रवास करतात, ते मोजा. एसटीने किती वेळ लागतो, ते लिहा. 'गाडीला उशीर होईल,' असे ते म्हणतील. त्याचे उत्तर आधीच द्या. रागाचे शब्द टाळा. शेवटी मागणी एका वाक्यात मांडा.

स्वाध्याय
१. फुल्यांनी कोणते कारण दिले?
२. जेऊरच्या गाडीसाठी विनंती अर्ज लिहा.