मगन चूल : रचना, बांधणी व निगा

चुलीतून निघणारा धूर म्हणजे न जळता वाया गेलेले सरपण होय. लाकूड तापले म्हणजे त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतात. त्यांस पुरेशी हवा व उष्णता मिळाली तर त्यांची ज्योत होते. न मिळाल्यास तेच वायू काजळीच्या सूक्ष्म कणांसह घरात पसरतात. डोळे चुरचुरणे हा त्याचा लहानसा परिणाम. स्त्रियांमधील दीर्घकालीन श्वसनविकार व मोतीबिंदू, तसेच लहान मुलांचा न्यूमोनिया, यांचा या धुराशी संबंध असल्याचे वैद्यकीय संशोधनातून दिसून आले आहे. म्हणून चुलीची सुधारणा हा सरपणाइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे.

वर्ध्यातील कार्य

या प्रश्नावरील आरंभीचे काम वर्ध्यास झाले. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. घाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन अशा उद्योगांबरोबर खेड्यातील स्वयंपाकघराचाही तेथे विचार झाला. त्यातून निर्माण झालेली मातीची बिनधुराची चूल १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ या नावाने लोकांपुढे आली. पुढे १९५३ साली हैदराबाद अभियांत्रिकी संशोधनशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी आपल्या सुधारित चुलीची माहिती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. धरणे व कालवे यांबरोबर सरकारी अभियंत्यांनी चुलीचाही अभ्यास करावा, ही त्या काळातील लक्षणीय गोष्ट होय. मगनवाडीत १९५५ साली ग्रामोद्योगांसाठी जमनालाल बजाज यांच्या नावाची मध्यवर्ती संशोधन संस्था सुरू झाली. तिचेच रूपांतर २००८ साली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झाले.

चुलीचे तत्त्व

महाराष्ट्रातील घरच्या चुलीस वैलाची सोय पूर्वीपासून आहे. मुख्य जाळाची उरलेली आच वैलाकडे जाते व तेथे वरण किंवा पाणी तापते. मगन चुलीत हेच तत्त्व पुढे नेले आहे. सरपण एकाच तोंडातून घालावयाचे. जाळ पहिल्या भांड्याखालून बोगद्याने पुढच्या भांड्यांकडे न्यावयाचा. आणि शेवटी धूर धुराड्यातून छपराबाहेर सोडावयाचा. तापलेली हवा हलकी असल्याने धुराड्यातून वर चढते व तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. धुराडे धूर बाहेर नेते. ते सरपण वाचवतेच असे नाही. ओढ फार जोराची झाल्यास भांड्याला लागावयाची आच धुराड्यातून निघून जाते. ओढ कमी पडल्यास धूर घरात परततो. यासाठी काही चुलींच्या धुराड्यात कमीजास्त उघडणारी झडप बसविलेली असते. ती जाळ पेटविताना पूर्ण उघडावी व पेट घेतल्यावर थोडी लोटावी.

बांधणी

१. माती : वर्धा जिल्ह्यातील काळी माती सुकताना आकसते व तिला भेगा पडतात. म्हणून निव्वळ काळी माती वापरू नये. घरबांधणीची पांढरी माती घेऊन तीत थोडी वाळू व बारीक कुटार मिसळावे आणि ती चांगली मुरू द्यावी.

२. भांडी : प्रथम घरातील नेहमीची भांडी मागून घ्यावीत व त्यांच्या बुडाच्या मापाने चुलीची भोके ठेवावीत. भांडे व भोक यांत फट राहिली तर धूर तेथूनच निघतो.

३. भाकरी : ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर फुगवितात. तोंड फार अरुंद केल्यास गृहिणी चूल फोडून मोठे करते व ओढ बिघडते. म्हणून तोंडापुढे निखारे ओढण्यास जागा आधीच राखावी.

४. धुराडे : ते छपरापेक्षा उंच न्यावे. गवती किंवा लाकडी छप्पर असेल तेथे नळ व छप्पर यांत मोकळे अंतर ठेवावे; अन्यथा आगीचा धोका असतो. अॅसबेस्टॉस-सिमेंटचा जुना नळ वापरू नये. त्याचे तंतू फुप्फुसांस घातक आहेत.

५. सुकविणे : चूल सावलीत पूर्ण वाळू द्यावी व पहिले काही जाळ मंद ठेवावेत.

वापर व निगा

या भागात पऱ्हाट्या व तुऱ्हाट्या हे मुख्य सरपण आहे. त्या लवकर पेटतात व लवकर संपतात. एकदम मोठा भारा कोंबल्यास हवा अडते व धूर होतो. म्हणून वाळलेल्या काड्या थोड्या थोड्या सारीत जावे. पावसाळ्यासाठी सरपण कोरडे साठवावे. शेण जाळल्याने त्यातील नत्र शेताला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. रिकाम्या भोकावर झाकण असावे. राख रोज काढावी. धुराड्यातील व बोगद्यातील काजळी नियमाने झाडावी व भेगा दिसताच लिंपाव्यात.

ओढ तपासण्याची रीत सोपी आहे. पेटता कागद चुलीच्या तोंडाशी धरावा. ज्योत आत वळली तर ओढ ठीक आहे. बाहेर वळली तर काजळी साठली असावी, सांधा फुटला असावा किंवा भांडे नीट बसले नसावे.

अनुभवाचा धडा

१९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. देशभर कोट्यवधी चुली बसल्या; परंतु पुष्कळ चुली थोड्याच काळात मोडल्या किंवा बाजूस पडल्या. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांमध्ये धुराड्याच्या चुलींचा काही वर्षे अभ्यास करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या श्वासातील धूर कमी झाला. पुढील वर्षांत तो लाभ उरला नाही. चुलींचा वापर घटला होता व दुरुस्ती होत नव्हती. प्रयोगशाळेत धूर ओढणारी चूल निगेअभावी घरात निरुपयोगी ठरते, हाच याचा अर्थ.

म्हणून किती चुली बसविल्या यापेक्षा वर्षाने किती चालू आहेत, हे कार्यकर्त्याने नोंदवावे. बसविल्यानंतर एका महिन्याने, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर घरी जावे. कागदाची परीक्षा घ्यावी आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीलाच अडचण विचारावी. गावातील एकदोघींस लिंपण व सफाई शिकवून ठेवावी. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरी गॅस आला आहे व शक्य तेथे त्याचाच वापर वाढवावा. तरीही अंघोळीच्या पाण्यासाठी व भाकरीसाठी बऱ्याच घरी चूल पेटते. जेथे ती पेटते, तेथे तिचा धूर छपराबाहेर जावा.