क्लोरीनचे पाणी, केस आणि कांती

पोहण्याच्या तलावावर नियमाने जाणारी मुलगी सुटीत घरी गेली, की तिला पहिला प्रश्न पोहण्याविषयी विचारला जात नाही. "केसांचं काय करून घेतलंस गं? आणि काळी किती पडलीस!" असा तो असतो. प्रथम वर्षाला असताना आम्ही वसतिगृहातील चौघीजणींनी तलावाचा पास काढला होता. दिवाळीची सुटी संपवून आल्यावर दोघींनी तो सोडला, संक्रांतीनंतर तिसरीने. तिघींची तक्रार एकच : केस केरसुणीसारखे राठ झाले, अंगाला खाज सुटते, रंग काळवंडला. तिसरीच्या घरी तर स्थळे पाहण्याचे चालले होते; तेव्हा तिला फार काही बोलताही येईना. मी राहिले, पण केरसुणी माझ्याही डोक्यावर होतीच. म्हणून हे क्लोरीन नक्की करते तरी काय, याचा छडा लावायचे मनावर घेतले. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला, त्यामुळे या लेखात समीकरणे नाहीत. जे वाचले आणि स्वतःच्या डोक्यावर करून पाहिले, तेवढेच येथे मांडते.

खेड्यातून आलेल्यांना क्लोरीन नवे नाही. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, तिच्यातले औषध क्लोरीनच. नंतर बाटलीत पाणी घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले की क्लोरीन शिल्लक आहे असे समजायचे. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले तरी चालते. पोहण्याच्या तलावात मात्र ते साधारण १ ते ३ मिलिग्रॅम ठेवावे लागते, म्हणजे पाचपासून पंधरापट. कारण उघड आहे. विहिरीत कळशी बुडते, तलावात दिवसाला शेकडो माणसे बुडतात! एवढे क्लोरीन योग्य प्रमाणात असले तर जुलाबाचे कित्येक जंतू मिनिटभरात मरतात. तेव्हा क्लोरीनला शिव्या देण्यापूर्वी ते नसते तर काय झाले असते, याचाही विचार करावा.

अडचण अशी, की जंतू कोणता आणि केस कोणता हे क्लोरीनला कळत नाही. केसाच्या बाहेरच्या थरावर कौलारू छपरासारखे एकावर एक खवले असतात आणि त्यांवर डोक्यातून पाझरणाऱ्या तेलाचा पातळ लेप असतो. तलावाचे पाणी प्रथम हा लेप काढून टाकते. मग कौले उचकटतात, आत पाणी शिरते, केसातील प्रथिने झिजतात आणि काळा रंग देणारे द्रव्यही हळूहळू विटते. जपानमधील अव्वल जलतरणपटूंच्या केसांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. काळ्या केसांचाही रंग उतरतो, त्यात क्लोरीनबरोबर पाण्याच्या घर्षणाचाही हात असतो, असे त्यात दिसून आले. म्हणजे आमच्या मैत्रिणींची केसांबद्दलची तक्रार अगदीच मनाची नव्हती.

आता वासाविषयी. डोळे चुरचुरू लागले आणि उग्र दर्प आला, की "आज क्लोरीन जास्त पडलंय" असे सगळे म्हणतात. मीही म्हणत असे. परंतु तो दर्प निव्वळ क्लोरीनचा नसतो. घाम, अंगावरचा मळ आणि (सांगायला संकोच वाटतो, पण खरे आहे) लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. डोळे आणि घसा झोंबवणारी तीच. त्यांच्यात क्लोरीन खर्ची पडते, त्यामुळे जंतू मारायला उरते ते कमीच. "प्रथम स्नान करावे" ही तलावावरची पाटी मला पूर्वी सोवळ्याओवळ्यासारखी वाटे. ती पाळली जात नाही म्हणूनच पाणी बिघडते, हे वाचल्यानंतर कळले. आमच्या तलावावरील शॉवरला बहुधा पाणी नसते, हा भाग वेगळा. मी कोपऱ्यातल्या नळाखाली स्वतःची बादली भरून घेते.

या बादलीचा दुसराही उपयोग आहे, आणि माझ्या मते सगळ्या उपायांत तोच सर्वांत स्वस्त. कोरडे फडके सांडलेले पाणी पटकन टिपते, आधीच भिजलेले टिपत नाही. केसांचेही तसेच. तलावात उतरण्यापूर्वी केस साध्या पाण्याने मुळापासून टोकापर्यंत निथळेस्तोवर भिजवले, तर क्लोरीनचे पाणी त्यांत कमी शिरते. दोन मग पाणी पुरते.

त्यानंतर तेल. आमच्याकडे डोक्याला खोबरेल लावून बाहेर निघाले की शहरातल्या मुली हसतात, म्हणून मी ते सोडले होते. पण २००३ साली मुंबईतील संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिच्यात केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलानेच ठळकपणे कमी केली. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आतवर जातो, असे त्याचे कारण दिले आहे. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतले आहे, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. तरी माझा अनुभव त्याला धरूनच आहे. मात्र तेल थापून पाण्यात उतरू नये. ते वर तरंगते, गाळणयंत्रात अडकते आणि तलावाचा शिक्षक ओरडतो तो रास्तच ओरडतो. रात्री तेल लावावे आणि सकाळी भिजवलेल्या केसांच्या टोकांना चार थेंब चोळून, घट्ट वेणी घालून टोपीत कोंबावे. कापडी टोपीतून पाणी सरळ आत येते, रबरी टोपी काढताना केस उपटते. सिलिकोनची महाग पडते खरी, पण तीच बरी. पाणी तिच्यातही शिरते. निदान घर्षण तरी वाचते.

बाहेर आल्यावर गप्पा मारीत बसू नये. ताबडतोब साध्या पाण्याने डोके आणि अंग धुवावे, पोहण्याचा पोशाखही पिळावा. वासासाठी शाम्पूने रोज खसाखसा धुतले तर उरलेसुरले तेलही जाते, तेव्हा सौम्य शाम्पू आणि तोही बेताने. क जीवनसत्त्वाने क्लोरीन निष्प्रभ होते. म्हणून काही पोहणारे त्याची चिमूटभर पूड मगभर पाण्यात विरघळवून शेवटी डोक्यावरून घेतात. एकीने त्याऐवजी लिंबू चोळले आणि तशीच उन्हात वाळत बसली. हे मात्र मुळीच करू नये. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले, की काळे डाग उठतात, प्रसंगी फोडही येतात.

जाता जाता एक गंमत. केस हिरवे होतात असे म्हणतात, त्यात क्लोरीनचा दोष दुय्यम. तलावात शेवाळ होऊ नये म्हणून मोरचूद टाकतात; द्राक्षबागेवरच्या बोर्डो मिश्रणात असते तेच. त्यातील तांबे केसाला चिकटते. आपल्या काळ्या केसांत ते दिसत नाही, पिकलेल्या केसांवर दिसू शकते. प्राध्यापकवर्गाने नोंद घ्यावी.

आता रंगाचा प्रश्न, ज्याच्यापायी तिघींनी पोहणे सोडले. सर्वांत अधिक आश्चर्य मला येथेच वाटले. क्लोरीनने कातडी कोरडी होते, खाजते, पांढुरकी दिसते. काळी होत नाही. काळी करते ते ऊन! आपल्याकडचे बहुतेक तलाव उघड्यावर आहेत. अतिनील किरण पाण्यातही काही अंतर शिरतात आणि पाणी गार असल्याने ऊन लागते आहे हे कळतही नाही. मी दुपारी चारची तुकडी सोडून सकाळी सहाची घेतली. तलाव तोच, पाणी तेच, क्लोरीनही तेच. दोन महिन्यांत पोशाखाच्या कडेची रेघ पुसट झाली. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांनी पाण्याने लवकर न जाणारे, किमान ३० एसपीएफचे मलम उतरण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे व बराच वेळ पोहायचे असल्यास पुन्हा लावावे. लांब बाह्यांचा पोशाखही चालतो.

कोरडेपणाला उपाय साधा आहे. नंतरची अंघोळ कढत पाण्याने करू नये, अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे. इसब किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना हे पाणी अधिक बाधू शकते; त्यांनी, तसेच ज्यांचे पुरळ आठवड्यात जात नाही त्यांनी, डॉक्टरांना विचारावे.

हे सारे मी तिसरीला सांगितले, तिने तिच्या आईला. आईचा विश्वास बसला असे म्हणवत नाही. पण सकाळी सहाला ऊन नसते, एवढे त्यांना पटले. यंदा जूनपासून ती पुन्हा येते. बादली आम्ही दोघींत एकच नेतो.