हाडे पोखरणारे रक्षक

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जुन्या घराची डागडुजी करताना गवंडी आधी सैल झालेल्या विटा काढतो आणि मग नव्या बसवतो. हाडांतही असेच काम आयुष्यभर चालते. जुने हाड विरघळवणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट, तर नवे हाड रचणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. या दोघींचा मेळ असतो तोवर हाड मजबूत राहते.

विटा काढण्याचा हुकूम 'रँकल' नावाचे प्रथिन देते. हाड विरघळवणाऱ्या पेशी ज्या रक्तपेशींपासून घडतात, त्यांच्यावरील 'रँक' या ग्राहकाशी ते जोडले गेले की काम सुरू होते. 'ऑस्टिओप्रोटेजेरिन' हे दुसरे प्रथिन रँकलला वाटेतच धरून ठेवते. विशेष म्हणजे याच रक्तपेशींपासून जंतू गिळणाऱ्या पेशीही तयार होतात. हाडे आणि रोगप्रतिकारशक्ती यांचे नाते असे एकाच कुळातील आहे.

आमवातात हे नाते घातक ठरते. रक्षक पेशी स्वतःच्याच सांध्यांवर चाल करतात. त्यांपैकी 'टीएच-१७' पेशी 'इंटरल्युकिन-१७' हा रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे सांध्याच्या अस्तरातील पेशी अधिक रँकल निर्माण करतात. 'टीएनएफ' आणि 'इंटरल्युकिन-६' हे संदेश त्यात भर घालतात. बोटांची सूज व वेदना रुग्णाला जाणवतात, हाडांची झीज मात्र मुकाट्याने होत राहते. सूज उतरवण्यासाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडेही हाडे विरळ करतात, हा आणखी एक पेच.

लगाम घालणारे संदेशही शरीरात असतात. नियामक टी पेशी दाहाला आवर घालतात. 'इंटरफेरॉन-गॅमा' रँकलचा हुकूम पेशीच्या आतच मोडून काढतो, असे हिरोशी ताकायानागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले.

नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजेच 'एम्स'मध्ये, डॉ. रूपेश श्रीवास्तव यांच्या गटाने २०१८ साली या अभ्यासक्षेत्राला 'इम्युनोपोरोसिस' असे नाव दिले. त्याच वर्षी त्यांनी अंडाशय काढलेल्या उंदरांना काही उपकारक जिवाणू खाऊ घातल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या उंदरांत टीएच-१७ पेशी घटल्या, नियामक पेशी वाढल्या आणि हाडांची झीज कमी झाली. हे प्रयोग आमवातावरचे नव्हते, रजोनिवृत्तीनंतरच्या झिजेसंबंधीचे होते. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. अशी बातमी वाचून दह्याच्या वाटीला औषध मानणे घाईचे होईल.

टीएनएफ रोखणारी औषधे आज आमवातासाठी वापरली जातात व ती सांध्यांतील हाडांची झीज मंदावतात. परंतु क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही शरीर याच संदेशाच्या आधारे करते. म्हणून ही औषधे सुरू करण्यापूर्वी रुग्णाच्या शरीरात क्षय दडून बसलेला नाही ना, याची तपासणी करावी लागते.