चीनवर पीएच.डी. करायची आहे

प्रश्न : राज्यशास्त्रात एम.ए. झालो. चीनच्या परराष्ट्र धोरणावर पीएच.डी. करायची आहे, पण चिनी येत नाही. जमेल का? (एक वाचक, उंब्रज)

उत्तर : जमेल, पण विषय आवरा. ‘भारत-चीन संबंध’ म्हणजे बांध नसलेलं रान. तुमच्या शेजारच्या कराडचे यशवंतराव चव्हाण चीन युद्धातल्या नामुष्कीनंतर, नोव्हेंबर १९६२मध्ये संरक्षणमंत्री झाले. १९६६पर्यंतची त्यांची कारकीर्द घ्या; त्यासाठी चिनीवाचून अडणार नाही. त्यांचे खासगी सचिव राम प्रधान यांचं त्या काळावरचं पुस्तक आधी वाचा. त्या युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही, त्याच्या भरवशावर प्रकरण बेतू नका.

बीजिंगचेच डावपेच अभ्यासायचे असतील, तर मात्र भाषेला पर्याय नाही; दोनेक वर्षं त्यातच जातील. दिल्लीच्या जेएनयूत चिनी भाषा आणि पूर्व आशियाचा अभ्यास, दोन्ही एकाच आवारात मिळतात.