इंजिनचलित पंप : तपासणी व सुरक्षित उभारणी

जेथे वीज पोहोचलेली नाही किंवा जेथे ती खंडित होणे परवडणारे नाही, अशा ठिकाणी डिझेल इंजिनावर चालणारे पंप वापरले जातात. बांधकामाच्या पायात साचलेले पाणी उपसणे, खुल्या खाणींतील पाणी काढणे, पूरग्रस्त वस्त्यांतील निचरा आणि कारखान्यांतील अग्निशमन ही त्यांची प्रमुख कामे होत. विजेच्या मोटरीपेक्षा इंजिन एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न आहे. त्याला ज्वलनासाठी सतत ताजी हवा लागते आणि त्यातून विषारी वायू बाहेर पडतात. पंप पाण्याजवळ हवा, तर इंजिन मोकळ्या हवेत हवे. या दोन गरजांचा मेळ घालणे हाच सुरक्षित उभारणीचा गाभा आहे.

चूषण उंचीची मर्यादा

पंप पाणी ओढतो असे म्हटले जाते. वस्तुतः पंप चूषण नळीतील दाब कमी करतो आणि वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका असतो. नळीतील घर्षण व पाण्याचा बाष्पदाब वजा जाता प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरपेक्षा अधिक चूषण उंची गृहीत धरू नये. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेह येथे वायुदाब दोन-तृतीयांशाच्या आसपास असल्याने ही मर्यादा आणखी घटते. विरळ हवेमुळे इंजिनाची शक्तीही कमी होते. मर्यादा ओलांडल्यास पंपात बाष्पाचे बुडबुडे तयार होऊन फुटतात व पंख्याचा पृष्ठभाग झिजतो. या क्रियेस कॅव्हिटेशन म्हणतात.

खड्ड्यातील धोका

पाण्याची पातळी या मर्यादेखाली गेली की इंजिनासह पंप विहिरीत किंवा खड्ड्यात उतरविण्याचा मोह होतो. जीवघेण्या अपघातांचे मूळ येथेच असते. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असून तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, भोवळ आणि अशक्तपणा जाणवेपर्यंत वर चढण्याचे त्राण उरत नाही. पेट्रोल इंजिनात हा वायू अधिक निर्माण होतो, परंतु बंदिस्त जागेत डिझेल इंजिनही घातक ठरते. सहकाऱ्याला वाचविण्यासाठी श्वसनसंचाशिवाय उतरणारी व्यक्तीही बळी पडू शकते.

यावर तांत्रिक पर्याय उपलब्ध आहेत. उभ्या टर्बाइन पंपात इंजिन जमिनीवर राहते व लांब दंडाद्वारे पाण्यातील पंखे फिरविले जातात. जमिनीवरील जनित्रावर पाणबुडी पंप चालविणे हा दुसरा मार्ग होय. इंजिन खोलीत बसवावयाचे असल्यास धूरनळी इमारतीबाहेर नेऊन पुरेसे वायुवीजन ठेवावे लागते.

उभारणीपूर्वीची तपासणी

प्रथम शक्तीचा हिशेब करावा. सेकंदाला २० लिटर पाणी घर्षणासह एकूण २५ मीटर उंचीवर न्यावयाचे असल्यास सुमारे ४.९ किलोवॅट जलशक्ती लागते. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरल्यास पंपाच्या दंडावर साडेसात किलोवॅट आणि २० टक्के राखीव धरून सुमारे ९ किलोवॅटचे, म्हणजे १२ अश्वशक्तीचे इंजिन लागेल.

त्यानंतर फिरण्याची दिशा पंपावरील बाणाशी जुळते का, इंधननळीला गळती आहे का आणि गव्हर्नर कार्यक्षम आहे का, हे पाहावे. केंद्रोत्सारी पंपाचा विसर्ग गतीच्या प्रमाणात, दाबउंची गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे गती केवळ १० टक्के वाढली तरी शक्तीची गरज ३३ टक्क्यांनी वाढते.

उभारणी व चालना

पाया सपाट व कंपने शोषणारा असावा. पंप व इंजिनाचे दंड एका रेषेत आणावेत. लवचिक कपलिंग असले तरी रेषेतील दोष त्याने दूर होत नाही. बोल्ट आवळल्यावर व नळ्या जोडल्यावर ही तपासणी पुन्हा करावी लागते. नळ्यांचा भार पंपावर न टाकता त्यांना स्वतंत्र आधार द्यावा. चूषण नळी पंपाकडे सतत चढती असावी, अन्यथा तीत हवा अडकते. कपलिंग व पट्ट्यांवर भक्कम जाळी बसवावी.

केंद्रोत्सारी पंप पाण्याने पूर्ण भरून, चूषण झडप उघडी व निर्गम झडप बंद ठेवून सुरू करतात आणि नंतर निर्गम झडप हळूहळू उघडतात. ती दीर्घकाळ बंद राहिल्यास पंपातील पाणी तापते. पिस्टन किंवा दंतचक्राचे पंप मात्र बंद निर्गम झडपेवर कधीही सुरू करू नयेत. वाढत्या दाबाने नळी फुटू शकते, म्हणून त्यांना दाबमुक्ती झडप आवश्यक असते. दुरुस्तीपूर्वी इंजिन बंद करून ते अनवधानाने सुरू होणार नाही, अशी व्यवस्था करावी.

कायद्याची चौकट

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक भागांभोवती संरक्षक आवरण बंधनकारक केले, तर कलम ३६ मध्ये घातक वायू असलेल्या बंदिस्त जागांसंबंधी तरतूद होती. २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत या विषयावरील अनेक कायदे एकत्र करण्यात आले.

कायद्याचे पालन अखेर कामाच्या जागेवरच होते. पाण्याची पातळी खाली गेल्यावर इंजिन खाली नेण्याऐवजी पंपाचा प्रकार बदलण्याचा निर्णय वेळीच घेतला गेला, तर यंत्राइतकेच ते चालविणाऱ्या कामगाराचेही रक्षण होते.