🌿 थाईम सुकतोय? पाणी द्यायच्या आधी मूळ बघा



पुणे शहरातल्या हॉटेलांसाठी ज्यांनी थाईम लावलाय, त्यांनी हा मेसेज पूर्ण वाचा. साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस सुरू होतो. थाईम मूळचा भूमध्य समुद्राकाठचा. तिकडे उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडे नेमकं उलट. म्हणून आपलं ऊन तो बऱ्यापैकी सोसतो, पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही.

*कसं ओळखायचं?*
झाड बुडाकडून तपकिरी होतं, शेंडे माना टाकतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ठिबक वाढवतो. तिथेच प्लॉट जातो. आधी बोटभर माती उकरा. माती ओली आणि झाड सुकलेलं, तर मूळकूज समजा. एक झाड उपटून खात्री करा. चांगलं मूळ पांढरट असतं. कुजलेलं काळपट, ओढलं की साल हातात येते.

*पावसाआधीची कामं*
१. वाफ्यांमधल्या सऱ्या मोकळ्या करा, पाणी शेताबाहेर काढा.
२. दाट झाडं छाटा. हिरव्या वाढीचा तिसरा हिस्साच काढा. खालच्या जून लाकडात कात्री लावू नका, तिथून फूट नीट येत नाही.
३. पाचटाचं आच्छादन काढा. बुडाशी बारीक खडी पसरा.
४. वर प्लास्टिक हवं, बाजू उघड्या. शेडनेट ऊन अडवतं, पाऊस नाही. मावळ-मुळशीकडे तर छपराशिवाय थाईम ठेवूच नका.
५. ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात घेऊन आळवणी करा. सोबत रासायनिक बुरशीनाशक मिसळू नका. पान थेट ताटात जातं, हे लक्षात ठेवा.

*रोपं आत्ताच धरा*
न फुललेले ३-४ इंचाचे शेंडे घ्या, खालची पानं काढा, कोकोपीट आणि वाळू भरलेल्या ट्रेमध्ये खोचा. ट्रे छपराखाली, सावलीत. ३-४ आठवड्यांत मुळं धरतात. शेतातला प्लॉट गेला तरी ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर लावायला घरची रोपं असतील. तेव्हा फूटभर उंच गादीवाफ्यावर, फुटाफुटावर लावा. थंडीत वाढ चांगली मिळते.

कुजलेली झाडं मुळासकट काढून शेताबाहेर न्या, खताच्या खड्ड्यात टाकू नका.

शंका असेल तर ग्रुपवर फोटो टाका. नुसता पानांचा नको, मुळाचाही टाका. 🙏