उभ्या मोटारीची निगा

बैल कामास जुंपला नाहीं म्हणून त्याची वैरण व पाणी कोणी शेतकरी बंद करीत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र निराळा समज आढळतो. गाडी जितकी कमी हिंडेल तितकी ती अधिक टिकेल, असें मानून पुष्कळ मालक सुगीच्या किंवा लागणीच्या दिवसांत ती आठवडेच्या आठवडे छपरींत उभी ठेवितात. हा समज अर्धाच खरा आहे. धांवण्यानें टायर व यंत्र झिजतें हें खरें. परंतु उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते, लोखंड गंजतें, रबर कडक होतें व उंदीर तारा कुरतडतात. वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबास गाडीची खरी गरज पुष्कळदां अपरात्रींच लागते. सर्पदंश झालेला माणूस किंवा अडलेली बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यांत न्यावयाची असतां गाडी चालू झाली नाहीं, तर त्या हानीची भरपाई पैशानें होत नाहीं. म्हणून येथें मुख्यत्वें उभ्या गाडीच्या निगेचा विचार केला आहे.

जागा.— गाडीस छप्पर असावें, परंतु तें खताच्या किंवा धान्याच्या वखारीचें नसावें. लोखंड गंजण्यास पाणी व हवेंतील प्राणवायु हीं दोन्हीं लागतात. क्षाराची जोड मिळाली कीं गंज झपाट्यानें वाढतो. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड होय व त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग क्लोरीनचा असतो. युरियासारखीं खतेंही हवेंतील ओल शोषून घेतात. पिकअपच्या हौद्यांत पोतें फुटून सांडलेलें खत सांधीकोपऱ्यांत राहिलें, तर पहिल्याच दमट हवेंत तें पाझरूं लागतें. ह्याकरितां खत वाहून आणल्यावर हौदा आधीं कोरडा झाडावा, नंतर भरपूर पाण्यानें धुवावा व वाळूं द्यावा.

धान्य, पेंड व कडबा जवळ असला म्हणजे उंदीर येतात, व बॉनेटखालील आडोशास घरटें करितात. गाडीभोंवतीं दोन-तीन हात जागा मोकळी व झाडलेली ठेवावी, सापळे लावावे, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तर चालू करण्यापूर्वीं बॉनेट उघडून पाहावें. प्लॅस्टिकचें आच्छादन घट्ट बांधूं नये. त्याच्या आंत ओल कोंडते. हवा खेळेल असें कापडी आच्छादन बरें, आणि तेंही गाडी कोरडी असतांनाच घालावें.

बॅटरी.— मोटारीच्या नेहमींच्या बॅटरींत सहा घरें असतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, तो १२.४ वर आला म्हणजे ती पाऊण भरलेली, व १२ च्या खालीं गेला म्हणजे बहुतेक रिकामी समजावी. रिकामी बॅटरी तशीच राहिली तर आंतील शिशाच्या पत्र्यांवर कठीण थर बसतो व पुढें ती पुरती भरत नाहीं. सबब गाडी आठवड्यांतून एकदां तरी अर्धा तास रस्त्यावर चालवावी. जागच्या जागीं पांच मिनिटें यंत्र फिरविण्यानें बॅटरी फारशी भरत नाहीं, उलट धुराच्या नळींत पाणी मात्र सांठतें. बंद खोलींत तर यंत्र कधींच चालू ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूस वास नसतो व त्यानें माणूस दगावतो.

महिनाभर गाडी लागणार नसेल तर बॅटरीची तार सोडावी. सोडतांना ऋण (−) बाजूची तार प्रथम काढावी, व जोडतांना ती सर्वांत शेवटीं लावावी. ज्या बॅटरीस पाणी घालावें लागतें, तींत केवळ शुद्ध केलेलें, म्हणजे डिस्टिल्ड पाणी घालावें. विहिरीच्या पाण्यांतील क्षार तिला बाधतात.

टायर व ब्रेक.— टायरांतील हवा गाडी थंड असतांना, महिन्यांतून दोनदां मोजावी. किती हवा हवी तो आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेंत दिलेला असतो. टायरच्या बाजूवर चार आंकड्यांची एक खूण असते. २४२३ म्हणजे २०२३ सालच्या २४ व्या आठवड्यांत तो टायर तयार झाला. नक्षी शाबूत दिसली तरी उन्हानें रबरास भेगा पडतात. भेगाळलेला, किंवा १.६ मिलिमीटरपेक्षां कमी खोल नक्षी उरलेला टायर बदलावा.

ब्रेकमधील द्रव हवेंतील ओल शोषतो, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. डॉट ४ जातीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. परंतु ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. घाट उतरतांना ब्रेक सारखा दाबून धरला, व हा द्रव उकळून त्याची वाफ झाली, म्हणजे पाय खालीं जातो आणि गाडी थांबत नाहीं. म्हणून गाडी किती धांवली ह्याचा हिशेब न करितां दर दोन वर्षांनीं द्रव बदलावा, आणि घाट खालच्या गिअरमध्यें उतरावा. गाडी बरेच दिवस उभी करावयाची असेल तर हातब्रेक ओढून ठेवूं नये. तो पावसाळ्यांत चिकटून बसतो. सपाट जागीं, गिअरमध्यें व चाकाखालीं ठोकळा लावून ती ठेवावी.

इंधन व शीतक.— सन २०२५ पासून पेट्रोलांत सुमारें २० टक्के इथेनॉल येऊं लागलें आहे. तें आपल्याच उसाच्या रसापासून, मळीपासून, तसेंच मक्यापासून होतें. इथेनॉल पाणी ओढतें. टाकी अर्धी रिकामी ठेवल्यास तींतील दमट हवेचें पाणी होऊन इंधनांत मिसळतें, म्हणून पावसाळ्यांत उभ्या गाडीची टाकी भरलेली असावी. जुन्या गाडीस हें मिश्रण चालतें कीं नाहीं, हें तिच्या पुस्तिकेंत पाहावें.

रेडिएटरांत विहिरीचें जड पाणी घातल्यास चुलीवरील भांड्याप्रमाणें आंत क्षाराचें कीट बसतें. पुस्तिकेंत सांगितलेलेंच शीतक घालावें. यंत्र तापलेलें असतां झांकण उघडूं नये. जुनें शीतक अंगणांत किंवा चारींत ओतूं नये. तें चवीस गोड पण विषारी असतें, व जनावरें आणि कुत्रीं तें पितात.

पूर व आग.— ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूर भागांत पुष्कळ वाहनें पाण्याखालीं गेलीं. पाण्यांत बुडालेली गाडी कधींही चालू करून पाहूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतां यंत्र फिरविलें तर आंतील दांडे वांकतात, व थोडक्या खर्चाचें काम सबंध यंत्रावर जातें. बॅटरी सोडवून गाडी ओढूनच कारागिराकडे न्यावी.

ह्याच्या उलट धोका सुगींत असतो. वाळलेल्या गवतावर किंवा भुसावर तापलेली गाडी उभी करूं नये. मळणीकरितां रस्त्यावर पसरलेल्या पिकावरून गाडी नेल्यास काड तळाशीं गुंडाळतें व तापलेल्या धूरनळीस लागून पेट घेऊं शकतें. असें काड लागल्याचा संशय येतांच थांबून, खालीं वांकून पाहावें. रस्त्यावर पीक न पसरणें हें तर सर्वांच्याच हिताचें.

वर्षाचा क्रम.— मृगापूर्वीं वायपर, दिवे, टायर व ब्रेक पाहावे. पावसाळ्यांत गाडीच्या तळाचा चिखल आठवड्यास धुवावा, कारण चिखल ओल धरून ठेवितो. दसऱ्यास गाडी धुऊन हार घालण्याची चाल आहेच. त्याच दिवशीं तळाचा गंज खरवडून तेथें गंजरोधक रंग द्यावा. उन्हाळ्याच्या तोंडीं शीतक व बॅटरी तपासावी. हीं सर्व कामें मिळून वर्षाकांठीं दोन-चार दिवसांचीं आहेत. तेवढा वेळ जो मालक देईल, त्याची गाडी कमी खर्चांत अधिक वर्षें टिकेल, आणि रात्रीं-बेरात्रीं हांक मारतांच उभी राहील.